दाढीला बांधलेली वेणी

चादर शेजारच्या लॉजची होती. एका कोपऱ्यात लाँड्रीचा लाल आकडा, मधोमध इस्त्रीची घडी. गच्चीवरच्या पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये आम्ही ती सुतळीने ताणली, खालच्या काठावर विटा ठेवल्या आणि भाड्याने आणलेला प्रोजेक्टर उपड्या घमेल्यावर बसवला. धुपारती होऊन गेली होती. खाली रस्त्यावर ट्रॅव्हल्सवाले नाशिक-पुणे-मुंबईचा पुकारा करत होते, आणि लांबून कुठली तरी पायी पालखी ढोल वाजवत गावात शिरत होती. शिर्डीत शांतता कुणाच्याच वाट्याला येत नाही. मूकपट दाखवायला याहून गैरसोयीचं गाव शोधून सापडणार नाही.

प्रेक्षक म्हणजे गल्लीतली बारा-तेरा पोरं. कुणी हारवाल्याचं, कुणी पेढेवाल्याचं, एक लॉजच्या मॅनेजरची मुलगी. शिवाय सतरंजीवर भिंतीला पाठ टेकून बसलेल्या एक आजी. त्यांना मी 'कृष्णाचा सिनेमा आहे' एवढंच सांगितलं होतं, म्हणून त्या धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या आणि बसण्याआधी त्यांनी रिकाम्या चादरीला नमस्कारही करून घेतला होता.

चादरीवर उमटली ती साधी, घरातली एक मुलगी. वय जेमतेम सात. ती आपल्याकडे बघते, हसते, रुसते, चिडते, रडवेली होते. आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करणाऱ्या कुठल्याही मुलीसारखी. मग बघता बघता तिच्या जागी कृष्ण उभा राहतो.

"आयला, ही तं पोरगी हे!" लाल आकड्याजवळ बसलेला एक जण ओरडला.

पोरगीच होती. मंदाकिनी फाळके. वडिलांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. चित्रपट 'कालिया मर्दन', साल १९१९, निर्मिती नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची. नाशिक इथून गाडीने दोन तासांवर.

हा चित्रपट मी आधीही पाहिला होता. पण वही-पेन घेऊन, भारतीय पौराणिक चित्रपटाचा आद्य नमुना म्हणून, म्हणजे चेहरा जितका गंभीर ठेवता येईल तितका ठेवून. त्या गच्चीवर पोरांबरोबर बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, की शेवटची नागाशी झुंज सोडली तर हा उनाड पोरांचा धमाल चित्रपट आहे. आपण त्याच्यावर 'पौराणिक' असं लेबल चिकटवलं आणि शंभर वर्षं हात जोडून बसलो.

गोष्ट बघा. गावातली एक बाई कृष्णाच्या टोळीतल्या एका मुलीच्या अंगावर पाणी ओतते. मुलगी रडते, बाकीचे तिची समजूत काढतात. एवढ्यावर थांबतील तर ती पोरं कसली? बदला ठरतो आणि टोळी त्या बाईच्या घरात घुसून लोणी लंपास करते. मग पळापळ, धरपकड, झोंबाझोंबी. तक्रार यशोदेकडे जाते. यशोदा रागावते आणि रागवता रागवता विरघळते. जगातल्या सगळ्या आयांचं हेच होतं आणि सगळ्या शेजारणींचा आक्षेपही नेमका तोच असतो.

मग तो प्रसंग. रात्रीची वेळ. गावातला एक धनिक वाणी आणि त्याची बायको गाढ झोपलेत. कृष्ण गुपचूप खोलीत येतो आणि वाण्याची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधून टाकतो. पुढे काय होणार, हे सांगायला अक्षरांची पाटी लागत नाही. जाग आली की एक इकडे ओढणार, दुसरं तिकडे. आमच्या गच्चीवर या जागी असा गलका झाला, की खालच्या मजल्यावरचे यात्रेकरू दार उघडून वर बघायला लागले. आजींनी पदर तोंडाला लावला होता. तोपर्यंत त्या दर्शनाला आल्यासारख्या बसल्या होत्या. आता म्हणाल्या, "याच्या आईला सांगा बाई कुणीतरी." आणि पुन्हा हसायला लागल्या.

यात पूतना नाही, गोवर्धन नाही. एक दाढी, एक वेणी, एक गाठ. साधनं एवढीच आणि परिणाम हमखास. पडद्यावरच्या विनोदाची सुरुवातही अशाच फुटकळ ऐवजावर झाली आहे. लुमियेर बंधूंनी १८९५मध्ये पन्नासेक सेकंदांची एक फीत काढली. माळी बागेला पाणी घालतोय, एक कार्टं मागून येऊन रबरी नळीवर पाय देतं. पाणी बंद. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगं पाय काढतं. तोंडावर फवारा, मग पाठलाग आणि पोराच्या ढुंगणावर फटके. गोष्ट सांगणारी जगातली पहिली विनोदी फीत ती हीच, असं मानतात. म्हणजे सिनेमाला हसवायला शिकवलं ते एका वात्रट पोराने.

फाळक्यांची सुरुवातही मुलापासूनच झाली. १९११च्या ईस्टरला गिरगावातल्या अमेरिका-इंडिया सिनेमात ते थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गेले. ख्रिस्ताच्या चरित्राची फीत चालू असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ दिसू लागलं. हे त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांत लिहून ठेवलं आहे. आपण यातला राम-कृष्णाचा भाग उचलतो, गोकुळाचा सोडून देतो. गोकुळ म्हणजे पोरांचं गाव. तिथे देव कमी आणि खोड्या जास्त.

फाळक्यांच्या वात्रटपणाचे पुरावे आणखीही आहेत. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला तेव्हा त्याच्याबरोबर नाच, नकला आणि पायांनी चेंडू-गोळे झेलणारा कसरतपटू असा सगळा मसाला होता. पाठोपाठच्या 'मोहिनी भस्मासुर'बरोबर त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फीत लावली. नुसत्या नावानेच स्वयंपाकघरातला पसारा डोळ्यांपुढे येतो. 'आगकाड्यांची मौज' काढली, त्यात काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात, आकार घेतात. स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा झाले आणि जादू करून दाखवली. चाळिशी उलटलेला, चष्मा लागलेला, कर्जात असलेला हा माणूस होता आणि आगकाड्या इंचाइंचाने सरकवून एकेक चौकट टिपत बसायचा. घरात अशी एक तरी व्यक्ती असली की मुलांची चैन असते. घरखर्च बघणाऱ्या बाईची मात्र नसते. सरस्वतीबाई फाळके रात्री फितीला भोकं पाडायच्या आणि दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधायच्या. या कुटुंबातला उनाडपणा कुणाच्या जिवावर चालायचा, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मंदाकिनी या घरात वाढली. कॅमेरा तिच्यासाठी घरातल्या पाट्या-वरवंट्यासारखाच एक. म्हणून ती भिंगाला बुजत नाही. त्या काळातली थोरामोठ्यांची कामं पाहा: हात वर, डोळे आभाळाकडे, छाती पुढे, सगळं नाटकातून उचललेलं. त्यांच्यामध्ये ही मुलगी सरळ चालते, सरळ पळते, आणि चोरी करताना तिच्या चेहऱ्यावर चोरीचा आनंद दिसतो. आणखी एक गंमत आहे. या चित्रपटाच्या सहा वर्षं आधी, 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं. 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. आता बाजू फिरली होती. मुलगा हवा होता आणि काम मुलीने केलं. मुंबईत मॅजेस्टिकला हा चित्रपट दहा महिने चालल्याचं सांगतात.

चॅप्लिनचा 'द किड' आला १९२१मध्ये. त्यातला लहानगा जॅकी कूगन जगभर गाजला. हॉलिवुडचा निर्माता हाल रोच याने गल्लीतल्या पोरांची टोळी घेऊन 'अवर गँग' नावाच्या छोट्या विनोदपटांची माळ सुरू केली ती १९२२मध्ये. ती बावीस वर्षं चालली आणि दोनशेहून जास्त फिती निघाल्या. रोचबद्दल सांगतात, की नटवून-सजवून चाचणीला आणलेल्या पोरीला तो कंटाळला होता आणि खिडकीतून त्याला समोरच्या लाकडाच्या वखारीत फळकुटांवरून भांडणारी पोरं दिसली. कोणाचं फळकूट मोठं, एवढ्याच प्रश्नावर ती पोरं हमरीतुमरीवर आली होती आणि हा बघत बसला. कल्पना तिथे सुचली. मंदाकिनीची टोळी या दोघांच्या आधीची आहे. यात 'आम्ही पहिले' असं मिरवायचा हेतू नाही, तसलं मिरवणं फार झालं. रोचला जे खिडकीबाहेर बघून सुचलं ते फाळक्यांना आयतं मिळालं होतं, एवढंच म्हणायचं आहे.

कुठून मिळालं? त्यासाठी शिर्डीबाहेर जायची गरज नाही.

इथले मोठे उत्सव तीन: रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीला येणारी साईबाबांची पुण्यतिथी. प्रत्येकाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि शेवटी दहीहंडी फुटते. बाहेरून आलेल्या माणसाला हे कोडं वाटतं. उत्सव रामाचा, गुरूंचा किंवा बाबांचा, मग मधेच कृष्ण कुठून आला? वारकऱ्याला हा प्रश्न पडत नाही. सप्ताह कुणाचाही असो, शेवटचा दिवस गोपाळांचा. आठवडाभर विवेक-वैराग्य ऐकलेल्या माणसाला महाराज शेवटच्या दिवशी विटीदांडू, चेंडूफळी आणि हुतूतूत आणून सोडतात. बुवा स्वतः बोबडं बोलतात, लंगडतात, टाळकऱ्याच्या डोक्यावर टपली मारतात. मंडपात खसखस पिकते. नंतर लाह्या-दह्याचा काला हातावर पडतो आणि माणसं घरी जातात.

काल्यातला हुकमी एक्का पेंद्या. लंगडा, वेंधळा, खादाड, शिदोरी उघडायला सगळ्यांच्या आधी पुढे. तमाशातल्या गवळणीतही तोच. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याच्या बगलेत पेंद्या, आणि पुरुषाने रंगवलेली मावशी. पडणं, धडपडणं, टोला चुकवणं, चुकलेला टोला तिसऱ्यालाच बसणं, हे सगळं मराठी माणसाने पडदा येण्याच्या कितीतरी आधी मंडपात आणि बोर्डावर पाहिलेलं होतं. फाळके त्र्यंबकेश्वरचे, भिक्षुकाच्या घरात जन्मलेले. कीर्तन त्यांच्या कानावरून गेलं नसेल, असं कसं म्हणावं? त्यांनी पोरांची टोळी पडद्यावर आणली तेव्हा प्रेक्षकाला नवीन फक्त यंत्र होतं. पोरं ओळखीची होती.

बाबांच्या चरित्रातही हा धागा सापडतो आणि तो मला फार आवडतो. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या 'श्री साईसच्चरिता'तला चोविसावा अध्याय. रविवार, शिर्डीचा आठवडे बाजार. मशिदीत गर्दी, हेमाडपंत बाबांचे पाय चेपत बसलेले. शामा, म्हणजे माधवराव देशपांडे, हसत हसत त्यांच्या कोटाच्या बाहीकडे बोट दाखवतो. बाहीच्या घडीत चणे अडकलेले! हात लांब केला तसे चणे खाली घरंगळले आणि जमलेल्या लोकांनी ते वेचले. चणे कोटात आले कसे, हा हेमाडपंतांना पेच. बाबांनी मात्र जाहीर करून टाकलं, की याला एकट्याने खायची खोड आहे, आज बाजारात चणे चघळत आला. भर मशिदीत एका प्रतिष्ठित गृहस्थाची अशी फजिती, आणि पुरावा जमिनीवर विखुरलेला.

हेमाडपंत ही आपलीच फजिती हौसेने लिहितात आणि पुढे कुठली कथा जोडतात? सांदीपनींच्या आश्रमातल्या सुदाम्याची. कृष्णापासून लपवून एकट्याने चणे खाणाऱ्या पोराची. मशिदीतल्या थट्टेचं नातं त्यांना सरळ पोरांच्या खोडीशी लावावंसं वाटलं. त्यातून त्यांनी बोध काढला हे खरं. पण आधी मनसोक्त हसून घेतलं.

बाबांनी देह ठेवला १५ ऑक्टोबर १९१८ रोजी. फाळक्यांची नाशिकची कंपनी त्याच वर्षी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी 'कालिया मर्दन' आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि मी तो लावणारही नाही. शिर्डीत असले संबंध लावून देणाऱ्यांची कमी नाही. फक्त हवा एकच होती: त्या हवेत देवाची खोडी काढता येत होती, देव खोडी काढत होता, आणि कुणाच्या भावना दुखावत नव्हत्या. आज कुणी नवा दिग्दर्शक कृष्णाला वाण्याच्या शयनगृहात पाठवायला निघाला, तर आधी वकील गाठील.

आमच्या गावात 'सिनेमा' म्हटलं की लोक १९७७चा 'शिर्डी के साईबाबा' सांगतात, सुधीर दळवींचा. जुनी मंडळी १९५५चा कुमारसेन समर्थांचा 'शिर्डीचे श्री साईबाबा' आठवतात. दोन्ही डोळ्यांत पाणी आणणारे. मराठी बालपटाचंही पुढे तेच झालं. १९५३चा 'श्यामची आई' मोठा चित्रपट, त्याबद्दल वाद नाही. पण त्या श्यामच्या पावलांना माती लागू नये ही काळजी आपण इतकी घेतली, की पोरांच्या पायांना माती लागते हेच पडदा विसरून गेला. मूल म्हणजे एकतर सोसणारं, नाहीतर शहाणं. पेंद्या हद्दपार. तो परत दिसला फार उशिरा. परेश मोकाशींच्या 'एलिझाबेथ एकादशी'तली पंढरपूरची पोरं आईचा डोळा चुकवून ऐन वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान लावतात, तेव्हा वाटलं, ही त्या टोळीची नातवंडं. तीर्थाच्या गावातली पोरं देवाला घाबरत नाहीत, कारण तो शेजारी असतो. आणि हेच मोकाशी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढून फाळक्यांच्या घरातला उनाडपणा आधीच दाखवून बसले होते, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

आता थोडा हिशेब. 'कालिया मर्दन' मुळात सुमारे ६,००० फूट लांब होता. आज त्यातला ४,४४१ फूट शिल्लक आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटात सोळा चौकटी बसतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा चौकटी या बेताने. म्हणजे एक फूट म्हणजे एक सेकंद, आणि उरलेला चित्रपट सव्वा तासाचा. हीच फीत आजच्या यंत्रावर सेकंदाला चोवीस चौकटींनी पळवली, की पन्नास मिनिटांत आटोपते आणि सगळी माणसं कोंबड्यांसारखी तुरुतुरु चालू लागतात. जुन्या चित्रपटातली माणसं अशीच धावत असत, असा समज यामुळेच झाला. माझा पोरांना दाखवायचा पहिला प्रयत्न असाच फसला होता. दुसऱ्या वेळी वेग उतरवला. दाढीच्या प्रसंगाला जो संथपणा हवा, मांजराच्या पावलांचा, तो तेव्हा सापडला. हसू वेगात नसतं, थांबण्यात असतं, हे हात फिरवणाऱ्या कॅमेरावाल्याला ठाऊक होतं.

बाकीचे दीडेक हजार फूट, म्हणजे जवळपास सव्वीस मिनिटं, गेली. कुठे गेली? जिथे बाकीचं सगळं गेलं तिथे. भारतात तेराशेहून जास्त मूकपट निघाले, त्यातले पुरे-अधुरे मिळून तीसेक उरले आहेत. फीत नायट्रेटची असायची. ती जुनी झाली की चिकट होते, फुगते, शेवटी तिची तपकिरी भुकटी होते. पेटली तर पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. आणि जी जळली नाही, सडली नाही, ती वितळवली गेली. फितीवर चांदीचा अंश असतो. रिळं मोडीत काढून चांदी निघायची आणि उरलेल्या पारदर्शक पट्ट्यांच्या बांगड्या व्हायच्या. एखाद्या मूकपटाची किती दृश्यं कुणाच्या हातात किणकिणली असतील, कोण जाणे.

जे आहे ते पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६४मध्ये ते सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या मल्याळी माणसाने फाळक्यांची रिळं अशी जपली, की मराठी माणसाने ओशाळावं.

गच्चीवरचा खेळ संपला तेव्हा कालियाच्या फण्यावर कृष्ण नाचत होता. आजींनी पुन्हा हात जोडले. पोरांना मात्र नागाशी देणंघेणं नव्हतं. "मागं घ्या, मागं घ्या, दाढीचं," असा घोशा चालू झाला. दाढीचा प्रसंग तीनदा दाखवला. चौथ्यांदा दाखवणार तोच मॅनेजरची मुलगी किंचाळली. तिची वेणी कुणीतरी चादरीच्या सुतळीला बांधून ठेवली होती.

या चित्रपटाचे हक्क केव्हाच संपले आहेत. शाळेत, मंडळात, सप्ताहाच्या मंडपात, कुठेही तो दाखवता येतो. हक्कांसाठी कुणाची परवानगी लागत नाही, फक्त वेग तेवढा उतरवा. आणि आणखी एक. आपल्या भागात जत्रा-उरुसांतून तंबूतले टॉकीज फिरले आहेत, त्यांच्या मालकांच्या माळ्यांवर पत्र्याचे गोल डबे आजही निघतात. असा डबा हाती आला तर भंगारवाल्याला देऊ नका, पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर संग्रहालय आहे, त्यांना कळवा. तोवर डबा थंड जागी ठेवा. उन्हात नको, आणि श्रद्धेपोटी देवघरात समईशेजारी तर मुळीच नको.